जागल्यापासून मोहल्ला समितीपर्यंत

यंदाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काही ना काही लिहून द्यावे असे ठरले, तेव्हा पाककृती, विणकाम, व्रतवैकल्ये हे विषय चटकन वाटले गेले. हा विषय मात्र मी मागून घेतला. त्याचे कारण आपणां सर्वांना ठाऊक आहे. हळदीकुंकू असो, भजन असो, की भिशी असो, चार बायका जमल्या की बोलणे फिरून फिरून मंगळसूत्रावर येते. कोणाच्या जावेचे सकाळी फिरायला गेली असता खेचले, कोणाच्या आईला मोटारसायकलवरच्या पोरांनी पत्ता विचारला आणि बांगडी गेली. मग ‘पोलीस काय करतात?’ हा प्रश्न ठरलेला. मला वाटले, पोलीस नव्हते तेव्हा लोक काय करीत होते, आणि पोलीस आल्यावर लोकांनी काय करायचे सोडून दिले, हे एकदा नीट पाहावे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण ज्या गावात १८९३ सालापासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे त्या गावात राहून पुस्तक आणून वाचायला शाळेचा दाखला लागत नाही. यात जे चांगले दिसेल ते पुस्तकांचे आहे, आणि बडबड तेवढी माझी.

पूर्वी गावात राखण करणारी माणसे गावचीच असत. पाटील वरचा, त्याच्या हाताखाली वेसकर, जागल्या, आणि देशावर पुष्कळ ठिकाणी रामोशी. रात्री गस्त घालायची, परका माणूस गावात आला तर पाटलाला कळवायचे, आणि चोरी झाली तर माग काढायचा. या माग काढण्याची रीत मला फार नवलाची वाटली. चोराची पावले जिथवर दिसतील तिथवर जागल्या जाई. ती गावच्या शिवेबाहेर गेलेली दिसली की पलीकडच्या गावच्या जागल्याला बोलावून माग त्याच्या हवाली करी. मग पुढची जबाबदारी त्या गावाची. ज्या गावात माग हरवेल त्या गावाने चोर तरी द्यावा, नाही तर माल भरून द्यावा, असा दंडक होता. म्हणजे चोरी ही एकट्या घराची गोष्ट नव्हती, सबंध गावाची होती. जागल्याला याबद्दल बलुते मिळे, कोठे जमीन असे. तो गावाचा खाई आणि गावासाठी जागे.

हे सारे सुरेख होते असे मात्र कोणी समजू नये. राखण करणाऱ्याला गावात मान किती होता? वेसकर महार रात्रभर गावासाठी जागे आणि दिवसा त्याच गावाच्या विहिरीवर त्याला पाणी भरता येत नसे. आपण जुन्या काळाचे गोडवे गाताना ही गोष्ट सोयीने विसरतो.

इंग्रजांचे राज्य आले आणि ही व्यवस्था मोडत गेली. वतने गेली, किल्ल्यांच्या राखणी गेल्या. पुरंदरच्या बाजूचे रामोशी यामुळे उघडे पडले, त्यांतून उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी दिले गेले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चोर धरायचे तेच सरकारदरबारी चोर ठरले. पुढे १८७१ साली तर सरकारने कायदाच केला, की अमुक अमुक जाती जन्मानेच गुन्हेगार. अशा जातीतल्या माणसांनी पोलिसांकडे हजेरी द्यायची आणि परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. सोलापूरला त्यांच्यासाठी तारेचे कुंपण घालून वसाहत केली होती. मूल जन्माला आले की ते कुंपणाच्या आत. हा कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, रद्द झाला आणि या लोकांना विमुक्त म्हणू लागले. कायद्याचे कुंपण निघाले. मनातले निघायला वेळ लागतो. आजही सोसायटीत चोरी झाली की पहिला संशय भांडी घासणाऱ्या बाईवर जातो, हे आपण कबूल करू या.

आपल्या ठाण्याचा तुरुंग तर पूर्वी किल्ला होता. इंग्रजांनी तो १७७४ साली मराठ्यांकडून घेतला आणि पुढे त्याचा तुरुंग केला. लहान मुलांना ‘दंगा केलास तर तिकडे पाठवीन’ असे ठाण्यातल्या आया सर्रास म्हणतात. पण १९ एप्रिल १९१० रोजी याच तुरुंगात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाले होते, हेही त्या मुलांना कधी तरी सांगावे.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी मुंबईत हिंदु-मुसलमानांचे दंगे पेटले, तेव्हा पोलीस अपुरे पडू लागले. त्या वेळी मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत होमगार्ड ही नागरिकांची संघटना उभी राहिली. नोकरी-धंदा सांभाळून गणवेश घालायचा, कवायत शिकायची आणि गरज पडेल तेव्हा पोलिसांच्या जोडीला उभे राहायचे. आजही गणपतीत, मतदानाच्या दिवशी आपण त्यांना रस्त्यावर पाहतो. तारीख मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. सहा डिसेंबर. शेहेचाळीस वर्षांनी हीच तारीख पुन्हा यायची होती, आणि तिच्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला असे म्हटले तरी चालेल.

आता भिवंडीकडे वळू. नौपाड्यातून निघावे, बाळकुमवरून कशेळीचा पूल ओलांडावा, की भिवंडी आलीच. आपल्यापैकी कित्येकींच्या कपाटातल्या चादरी आणि परकराचे कापड तिथल्या मागांवरचे असेल. यंत्रमागांचे गाव. जुने कोकणी मुसलमान, मराठी हिंदू, मागांवर काम करायला उत्तर प्रदेशातून आलेले जुलाहे, आंध्र-तेलंगणातून आलेले पद्मशाली, अशी सर्व तऱ्हेची माणसे दाटीवाटीने राहतात. माझी थोरली नणंद लग्न होऊन तिथेच गेली. ती म्हणे, पहिला महिनाभर झोप लागली नाही, मागांची खडखड रात्रभर चालू. मग अशी सवय झाली की वीज जाऊन माग थांबले की दचकून जाग येई.

या गावाने दोन मोठ्या दंगली पाहिल्या. पहिली ७ मे १९७० ची. शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी ती पेटली. मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यायची, मशिदीसमोर घोषणा द्यायच्या की नाही, गुलाल उधळायचा की नाही, यावरून काही वर्षे आधीपासून धुसफूस चालू होती. भिवंडीत ७८ माणसे गेली. जळगावातही लोण पोचले. सरकारने न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमला. त्या आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावरही बोट ठेवले आणि दोन्ही बाजूंच्या आग लावणाऱ्यांवरही. जाड जाड खंडांचा अहवाल झाला. आणि चौदा वर्षांनी, मे १९८४ मध्ये, दुसरी दंगल झाली. या वेळी आग भिवंडीपुरती राहिली नाही. मुंबई, ठाणे, कल्याण या सर्व बाजूंना ती गेली आणि सगळी मिळून अडीचशेच्या वर माणसे मेली. किती घरे, किती माग जळाले त्याला गणती नाही. नणंदेच्या घरी तिच्या सासऱ्यांनी दाराला आतून पाटा-वरवंटा लावून तीन दिवस काढले. भाताबरोबर चिंचेचे सार, एवढेच जेवण. दूध कोणी आणून दिले, तर शेजारच्या मोमीन बाईने, मागच्या खिडकीतून. ही गोष्ट ती आजही सांगते आणि सांगताना त्या बाईचे नाव घेते. जाळणारे कोण होते हे तिला आजतागायत ठाऊक नाही; दूध देणारी कोण हे ठाऊक आहे.

१९८८ साली भिवंडीला सुरेश खोपडे नावाचे पोलीस उपायुक्त आले. ठाण्याचे पोलीस आयुक्तालय १९८१ साली झालेले आहे, आणि भिवंडी त्याच्याच हद्दीत. खोपडे यांनी आल्यावर ८४ सालच्या दंगलीचा बारकाईने अभ्यास केला. पुढे त्यांनी त्यावर मराठीत पुस्तकही लिहिले. त्यांना जे दिसले ते आपल्या घरातल्या शहाण्या बाईलाही दिसले असते, पण सरकारी कागदात ते कोणी मांडले नव्हते. भिवंडीत शांतता समिती नव्हती असे नाही, होती. पण तीत कोण? पुढारी, मोठे व्यापारी, दोन्ही धर्मांतले ठरावीक चेहरे. दंगल झाली की ही मंडळी जमत, चहा होई, आवाहन निघे, छायाचित्र छापून येई. दंगल नसेल तेव्हा समितीला कामच नसे. गल्लीतल्या माणसाला या समितीत कोणी विचारीत नव्हते. आणि गल्लीतल्या माणसाला पोलीस ओळखत नव्हता. पोलिसाची आणि साध्या माणसाची गाठ केव्हा पडणार, तर एक जण गुन्हेगार असेल तेव्हा किंवा तक्रारदार असेल तेव्हा. दोन्ही वेळा मन कडूच असायचे.

म्हणून त्यांनी उलटीकडून आरंभ केला. गावाचे लहान लहान भाग पाडले आणि प्रत्येक भागाची एक मोहल्ला समिती केली. अशा सुमारे सत्तर समित्या झाल्या. समितीत हिंदू आणि मुसलमान सारख्या संख्येने घ्यायचे. पुढारी नकोत, गुंड तर नकोतच. दुकानदार, मागवाले, कामगार, शिक्षक अशी रोज त्याच गल्लीत वावरणारी माणसे घ्यायची. प्रत्येक समितीची जबाबदारी पोलिसांतल्या एकावर. आणि मुख्य म्हणजे बैठका नेमाने व्हायच्या. गावात शांतता आहे म्हणून बैठक रद्द, असे नाही.

बैठकीत काय बोलायचे हा प्रश्न आला असेलच. धर्माविषयी व्याख्याने देऊन कोणाचे मन बदलत नाही. पण नळाला पाणी येत नाही, गटार तुंबले आहे, अमक्याच्या पोराने तमक्याच्या पोराला मारले, हे बोलणे कोणालाही जमते. आणि भांडणे तिथूनच उठतात. मैत्रिणींनो, नळावरच्या भांडणाची आपल्याला कोणी वेगळी माहिती द्यायला नको. दोन बायकांची हंड्यावरून जुंपली आणि दोघी एका धर्माच्या असल्या तर ते भांडण संध्याकाळी मिटते. दोघी दोन धर्मांच्या असल्या तर संध्याकाळपर्यंत त्याची बातमी होते, आणि रात्री अफवा. खोपडे यांच्या समित्यांनी ही बातमी व्हायच्या आत भांडण धरायला सुरुवात केली. अफवा आली तर ती खरी का खोटी हे विचारायला पलीकडच्या गल्लीत ओळखीचा माणूस होता. एवढेच. पण एवढेच पूर्वी नव्हते.

पोलिसांवरही याचा परिणाम झाला असला पाहिजे. ज्या शिपायाला गल्लीतली पोरे नावाने हाक मारतात तो त्याच गल्लीत लाठी उगारताना दोनदा विचार करतो. आणि ज्या पोराचे नाव शिपायाला ठाऊक आहे ते पोर दगड उचलताना दोनदा विचार करते. आपल्या घरात पाहुणे असताना मुले वेडेवाकडे वागत नाहीत, तसेच हे आहे.

मग आला ६ डिसेंबर १९९२. अयोध्येची मशीद पाडली गेली आणि देशभर दंगे उसळले. मुंबईत डिसेंबर आणि जानेवारी अशा दोन खेपांत ९०० माणसे मेली, असे न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले आहे. मी तेव्हा शाळेत होते. दादरहून येणारी गाडी रिकामी आलेली, आणि वडील घरी पोचेपर्यंत आई उंबऱ्यात उभी, एवढे मला आठवते. सर्वांना वाटत होते की मुंबईत हे होते आहे तर भिवंडीचे काय झाले असेल! खोपडे यांची तोवर बदली झाली होती. पण समित्या जागेवर होत्या आणि पुढे आलेल्या अधिकाऱ्यांनी त्या मोडल्या नव्हत्या. हिंदू आणि मुसलमान सभासद पोलिसांबरोबर रात्र रात्र गल्ल्यांतून फिरले. ज्या गावाचे नाव घेतले की दंगल आठवावी, त्या गावात दंगल झाली नाही. मुंबई जळाली आणि भिवंडी जळाली नाही. खोपडे यांनी याच प्रश्नाचे शीर्षक देऊन पुढे पुस्तक लिहिले.

नणंदेचे घर त्या वेळी उघडे होते. दाराला पाटा लावावा लागला नाही.

याचे सारे श्रेय समित्यांनाच द्यावे काय? काही जण म्हणतात, यंत्रमागाच्या धंद्यात हिंदूचे सूत, मुसलमानाचा माग, मारवाड्याची पेढी, असे गुंतलेले असते. ८४ नंतर सर्वांचेच दिवाळे निघाले होते, म्हणून लोक शहाणे झाले. तेही खरे असेल. पण गुंतलेला धंदा ७० सालीही होता आणि ८४ सालीही होता. त्या दोन वेळी त्याने दंगल थांबवली नाही. फरक पडला तो गल्लीतल्या ओळखीने, असे माझे मत झाले आहे.

भिवंडीचे पाहून मुंबईनेही धडा घेतला. माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, त्या वेळचे आयुक्त सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे या समाजकार्यकर्त्या बाई यांनी पुढाकार घेऊन १९९४ च्या सुमारास मोहल्ला कमिटी चळवळ सुरू केली. जिथे जिथे दंगे झाले त्या वस्त्यांत समित्या निघाल्या. या कामात बायकांचा वाटा मोठा होता. पोलीस ठाण्याची पायरी कधी न चढलेल्या बायका तिथे जाऊन बसू लागल्या. मुलांचे आणि पोलिसांचे क्रिकेटचे सामने होऊ लागले. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान हे दोघे मित्र. वकार खान यांनी चार मुलांना चार धर्मांचे वेष घालून, शेजारी शेजारी उभे करून छायाचित्र काढवले आणि त्याचे फलक केले. ते फलक कित्येक पोलीस ठाण्यांच्या भिंतींवर लागले. साधी गोष्ट, पण ती करायला पैसा आणि वेळ दोन्ही त्यांनी आपल्या खिशातले घातले.

एवढे वाचून कोणाला वाटेल, की समिती केली की झाले. तसे नाही. जुलै २००६ मध्ये भिवंडीतच, कबरस्तानाशेजारच्या जागेत पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद झाला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले आणि त्याच रात्री जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. समित्यांचे काम तोवर ढिले पडले होते, असे तेव्हा लिहून आले. यात मला काही आश्चर्य वाटत नाही. रोज सडा घालणारीच्या अंगणात एक दिवस खाडा झाला तर कळत नाही, महिनाभर झाला तर गवत उगवते. अधिकारी बदलून जातात. ज्यांना राहायचे आहे त्यांनी काम अधिकाऱ्यावर सोपवून दिले की ते त्याच्या बदलीबरोबर जाते.

खेड्यांसाठी १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम निघाली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. गावातले तंटे गावात मिटवायचे, कोर्टात सडत ठेवायचे नाहीत, आणि चांगले काम करणाऱ्या गावाला बक्षीस. माझ्या माहेरी या समितीने दोन भावांचा बांधाचा वाद मिटवला आणि मिटवताना बहिणींचा हिस्सा कोणाला आठवला नाही, एवढे सांगून मी पुढे जाते. समितीत बाई का हवी, ते यावरून समजावे. दारूबंदीच्या बाबतीत मात्र सरकारने बायकांच्या हाती खरे हत्यार दिले. गावातल्या किंवा प्रभागातल्या बायकांनी ठराविक संख्येने सह्या करून मागणी केली, तर दारूच्या दुकानावर मतदान होते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. पुरेशी मते आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. दुकानवाले, त्यांचे पुढारी, घरातले नवरे, सर्वांचा दाब झुगारून ठिकठिकाणच्या बायकांनी बाटल्या आडव्या केल्या आहेत. सही करायला गेलेली बाई गल्लीतल्या दारुड्यांना दिसते, तिला शिव्या बसतात, तरी ती जाते. याला मी धैर्य म्हणते.

आता एक अवघड गोष्ट लिहायची आहे. राखण करता करता माणसे काय करून बसतात ती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाईलवरून पसरलेली. त्या दिवशी बाजार होता. कोणीतरी ओरडले, आणि जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकले. विमुक्त-भटक्या लोकांवरचा जुना शिक्का १९५२ साली पुसला, असे मी वर लिहिले आहे. आणि १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत, गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक असे तिघे असेच मारले गेले. हे गाव पालघर जिल्ह्यातले. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत तो भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. तिथेही चोर येतात, मुले पळवतात, अशा अफवेवरून गावकरी रात्रीची राखण करीत होते. पोलीस समोर होते, तरी उपयोग झाला नाही.

ही माणसे राक्षस होती असे म्हणून आपण मोकळ्या होऊ शकतो. पण ती आपल्यासारखीच आपल्या मुलांसाठी घाबरलेली माणसे होती, हे अधिक भयंकर आहे. जुना जागल्या परका माणूस दिसला की पाटलाला कळवी, तो स्वतः न्याय देत नसे. भिवंडीच्या समितीतला माणूस अफवा ऐकली की पलीकडे जाऊन विचारी. राईनपाड्यात आणि गडचिंचल्यात विचारणारा कोणी पुढे आला नाही, किंवा आला तरी त्याचे कोणी ऐकले नाही. गेल्या वर्षी आपल्याही काही बायकांच्या मोबाईलवर ‘सावधान, मुले पळवणाऱ्या बायका साडी विकायला येतात’ असा निरोप फिरला होता, आणि दुसऱ्या दिवशी झाडू विकणाऱ्या एका बाईला एका इमारतीच्या फाटकावर चांगले तासभर बसवून ठेवले होते. तिच्या टोपलीत झाडूच निघाले.

आता आपल्या नौपाड्याविषयी. माझ्या सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा इथे बैठी घरे, चाळी आणि दुमजली इमारती होत्या, आणि पाचपाखाडीच्या बाजूला भातखाचरे होती असे त्या सांगत. रात्री गुरखा काठी आपटीत, शिट्टी वाजवीत फिरे आणि महिन्याच्या एक तारखेला दारी येऊन सलाम करी. पण खरी राखण गुरख्याची नव्हती. दुपारी गॅलरीत तांदूळ निवडणारी बाई, ओट्यावर वर्तमानपत्र वाचणारे आजोबा, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधणारा पोरगा यांची ती राखण होती. ‘कोणाकडे आलात हो?’ असे विचारल्यावाचून परक्या माणसाला जिना चढता येत नसे. कधी कधी ते फार जाचे, हेही खरे. सुनेकडे कोण आले, किती वेळ बसले, यावरही तोच पहारा असे.

गोखले रोडला, राम मारुती रोडला, घंटाळीला, विष्णुनगरला एकामागून एक जुन्या इमारती पडल्या आणि टॉवर उभे राहिले. दारावर पहारेकरी आला, कॅमेरे आले, नाव लिहायची वही आली. गॅलऱ्या गेल्या. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या बाईचे आडनाव मला तीन महिन्यांनी तिच्या पार्सलवरून कळले. कॅमेऱ्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. चोर पकडायला तो उपयोगी पडतो. पण कॅमेरा झालेली गोष्ट दाखवतो, ‘कोणाकडे आलात हो?’ असे विचारीत नाही. आणि आता चोर जिना चढून येतोच असेही नाही. पोलीस असल्याचे सोंग घेऊन, ‘तुमच्या नावाने गुन्हा आहे, फोन ठेवू नका, कोणाला सांगू नका’ असे बजावून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे पैसे काढून घेण्याचे प्रकार सर्वत्र चालू आहेत. त्यांतले ‘कोणाला सांगू नका’ हे शब्द ध्यानात घ्या. चोराला शेजाऱ्याची भीती अजून आहे. आपल्यालाच शेजाऱ्याचा विसर पडला आहे.

थोडी कामाची माहिती इथे देते, कारण लेख फाडून ठेवायचा तर एवढ्यासाठी ठेवावा. तातडीची मदत हवी तर ११२. लहान मुलांसाठी १०९८. फोनवरून किंवा मोबाईलवरून पैसे गेले तर वेळ न घालवता १९३०. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तीत गळ्यातले हिसकावून नेणे हा ३०४ कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गुन्हा कुठेही घडो, तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. सवयीच्या गुंडाला जिल्ह्याबाहेर तडीपार करता येते, पण जास्तीत जास्त दोन वर्षे, आणि त्यासाठी त्याच्याविरुद्ध बोलणारी माणसे लागतात. साक्ष द्यायला कोणी येत नाही ही पोलिसांची नेहमीची तक्रार आहे आणि ती खोटी नाही. आपण तरी जातो का?

गेल्या वर्षी मंडळात ठरले होते, की दर इमारतीतून एक बाई नेमावी आणि एकट्या राहणाऱ्या वयस्कर मंडळींची यादी करावी: मुले कोठे असतात, औषध कोणते चालू आहे, दुसरी किल्ली कोणाकडे आहे. यादीत नाव घालायला काही आजी नाखूष आहेत. ‘माझी चौकशी कशाला?’ असे एक जण म्हणाल्या, आणि त्यांचेही म्हणणे रास्त आहे. मंगळसूत्राच्या वेळी पोलीस ठाण्यात जोडीला जायला कोण येईल, यासाठीही पाच नावे हवी होती. तीन मिळाली आहेत. अफवेचा निरोप आला तर तो पुढे न पाठवता आधी कोणाला विचारायचे, हे अजून ठरलेले नाही. माझे सुचवणे असे, की दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी भजनाच्या आधी अर्धा तास याच गोष्टींसाठी ठेवावा, आणि महिन्यात काही घडले नसले तरी ठेवावा. आपल्या आवारात काम करणाऱ्या बायकांपैकी दोघी-तिघींना त्यात बोलवावे, आणि सतरंजीवर आपल्या शेजारी बसवावे. त्यांना आपल्या इमारतींतले आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. वही मंडळाच्या कपाटात, भजनाच्या पुस्तकांच्या वरच्या खणात आहे. ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी द्यावे. पेन सोबत आणावे, दोऱ्याने बांधलेले होते ते कोणीतरी नेले.